करकायद्यावर प्रबंध: रिटचा विषय घ्यावा की परिपत्रकांचा?

प्रशासकीय कायदा आणि करकायदा जिथे एकमेकांना भिडतात तिथला विषय एलएलएमच्या प्रबंधासाठी घ्यायचा म्हटलं, की विद्यार्थ्यांपुढे बहुधा दोन पर्याय येतात. एक म्हणजे आयकर खात्याच्या नोटिशीला राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 खाली रिट अर्ज करून थेट उच्च न्यायालयात आव्हान कधी देता येतं, हा. दुसरा, सीबीडीटी, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळ, नियम आणि परिपत्रकं कशी काढते आणि ती कुणाला किती बांधतात, हा. माझा कल दुसऱ्याकडे आहे. पण पहिला का खुणावतो तेही समजून घ्यायला हवं.

रिटच्या विषयात निवाड्यांची वानवा कधीच भासणार नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 1961 च्या कलकत्ता डिस्काउंट निवाड्यापासून सुरुवात करा. अधिकारक्षेत्रच नसताना काढलेल्या फेरनिर्धारणाच्या (मागच्या वर्षाचा कर पुन्हा ठरवण्याच्या) नोटिशीला रिटने रोखता येतं, हे तिथे ठरलं. 1983 मध्ये टिटाघर पेपर मिल्समध्ये न्यायालयाने उलट बाजू ठामपणे मांडली: कायद्यात अपिलाची सोय आहे, तर आधी तिकडे जा. 1998 च्या व्हर्लपूलने या नियमाच्या अपवादांची घडी बसवली. 2003 मध्ये जीकेएन ड्राइव्हशाफ्ट्सने फेरनिर्धारणाच्या नोटिशीमागची कारणं मागण्याची आणि हरकती नोंदवण्याची रीत घालून दिली. 2021 मध्ये अशी नोटीस काढण्याआधी करदात्याचं म्हणणं ऐकायला लावणारं कलम 148अ आलं, आणि मुदत व जुन्या-नव्या तरतुदींच्या घोळात सापडलेल्या सुमारे 90,000 नोटिशींचा प्रश्न 2022 मध्ये आशीष अगरवाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला सोडवावा लागला. 2024 मध्ये राजीव बन्सलमध्ये त्याचाच पुढचा भाग आला.

अडचण इथेच आहे. या मार्गावर वकील, सीए आणि टिपणं लिहिणारे सगळेच चालतात, त्यामुळे तुमचा प्रबंध निवाड्यांची सनावळी होऊन बसण्याची भीती मोठी. त्यात 1 एप्रिल 2026 पासून 1961 चा कायदा जाऊन 2025 चा आयकर कायदा लागू. तत्त्वं टिकतील, पण जुन्या कायद्यातल्या फेरनिर्धारण-नोटिशीच्या कलम 148 भोवती रचलेलं प्रकरण लवकर जुनं होईल.

आता परिपत्रकं. इथला मूळ प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. अनुच्छेद 265 सांगतो की कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही. मग संसदेने लावलेला कर मंडळाच्या एका परिपत्रकाने सौम्य कसा होतो? नवनीतलाल जव्हेरी (1965) आणि युको बँक (1999) या निवाड्यांनी करदात्याला दिलासा देणारं परिपत्रक अधिकाऱ्यांवर बंधनकारक मानलं. 2003 च्या आझादी बचाओ आंदोलन प्रकरणात करारातल्या करसवलतीसाठी मॉरिशसचा रहिवासी दाखला पुरेसा मानणारं 2000 सालचं परिपत्रक क्रमांक 789 दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा उभं केलं. पुढे 2008 मध्ये रतन मेल्टिंगमध्ये घटनापीठाने मर्यादा आखली: न्यायालयाच्या निवाड्याविरुद्ध जाणारं परिपत्रक टिकत नाही. हे प्रकरण अबकारी कराचं होतं, तरी आयकराच्या चर्चेतही त्याचा आधार घेतला जातो. या निवाड्यांच्या मधल्या जागेत बरंच काम शिल्लक आहे.

त्याहून कमी हात लागलेला भाग म्हणजे नियम बनवण्याची प्रक्रिया. जुन्या कायद्याच्या कलम 296 प्रमाणे नियम संसदेपुढे ठेवावे लागत. 2014 च्या केंद्राच्या विधिपूर्व सल्लामसलत धोरणात दुय्यम कायद्यांचे (म्हणजे नियमांसारख्या, खात्याने काढलेल्या कायद्यांचे) मसुदेही किमान 30 दिवस लोकांपुढे ठेवण्याची अपेक्षा आहे. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. 2023 मध्ये शेअरचं मूल्य ठरवण्याबाबतचा नियम 11यूए बदलताना सीबीडीटीने मे महिन्यात मसुदा मांडून सूचना मागवल्या आणि सप्टेंबरमध्ये अंतिम नियम काढला. असं प्रत्येक वेळी होतं का? कोणत्या नियमांबाबत होतं आणि कोणत्या नाही?

क्रिस्टिन हिकमन या अमेरिकी प्राध्यापिकेने 2007 मध्ये त्यांच्या अर्थखात्याच्या नियमांबाबत नेमकं हेच मोजलं. तीन वर्षांतले 232 नियम-प्रकल्प तपासले, तेव्हा सुमारे 41 टक्क्यांत सूचना-हरकतींची कायदेशीर प्रक्रिया नीट पाळलेली नव्हती. त्या अभ्यासाने तिकडची चर्चा निवाड्यांच्या शब्दांवरून खात्याच्या वागण्याकडे वळवली. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी बसणार नाही, कारण अमेरिकेत 1946 चा प्रशासकीय प्रक्रिया कायदा आहे आणि आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. म्हणून मापदंड तुम्हाला स्वतः ठरवावा लागेल, आणि तो का निवडला हेही मांडावं लागेल. प्रबंधाचं खरं योगदान तिथेच असेल.

कष्टांचा हिशेबही करा. रिटच्या विषयात साहित्य डेटाबेसवर एका शोधात समोर येतं. परिपत्रकांच्या विषयात राजपत्रातल्या अधिसूचना एकेक काढाव्या लागतात, मसुद्याची तारीख स्वतंत्रपणे शोधावी लागते, दोन्ही जुळवाव्या लागतात. गाईड प्रशासकीय कायद्याचे असतील तर करकायद्याच्या तपशिलासाठी दुसरं कुणी गाठावं लागेल.

पुढे उच्च न्यायालयात करखटलेच चालवायचे असं मनात पक्कं असेल, तर रिटचा विषय घ्या. तो अभ्यास उद्या युक्तिवादात थेट कामी येईल. मात्र तेव्हाही एकच अपवाद निवडा, उदाहरणार्थ फेसलेस, म्हणजे अधिकारी-करदाता समोरासमोर न येता ऑनलाइन होणाऱ्या, निर्धारणात सुनावणी नाकारली जाणं. संशोधन किंवा अध्यापनाकडे ओढा असेल तर दुसरा विषय घ्या, आणि व्याप्ती आधीच आखून घ्या: एका आर्थिक वर्षातल्या आयकर नियमांच्या दुरुस्त्या पुरेत. सिनॉप्सिस देण्याआधी त्यांतल्या दहा-बारा अधिसूचना स्वतः चाळा आणि मसुद्याच्या तारखा मिळतात का ते पाहा. मिळत नसतील तर व्याप्ती त्याच वेळी बदलता येईल.