स्पेक्ट्रम वाटायचा कसा : लिलाव, गुणांकन की सामायिक वापर?

आधी एका शब्दाचा निकाल लावू. बातम्यांमध्ये अजूनही ‘ध्वनिलहरींचा लिलाव’ असं छापून येतं. लिलाव ध्वनीचा नसतो, रेडिओ लहरींच्या ठरावीक पट्ट्याचा, म्हणजेच स्पेक्ट्रमचा असतो. आणि खरं तर पट्ट्याचाही नसतो. काही वर्षं तो पट्टा वापरू देण्याचा परवाना दिला जातो, एवढंच. परवाना म्हटला की अटी आल्या, आणि अटी मोडल्या तर परवाना काढून घेणंही आलं. म्हणून कोणतीही पद्धत तपासताना मी ‘यातून पैसे किती येतील’ हे नंतर विचारतो. आधी विचारतो : चूक झाली, तर दिलेलं परत घेता येईल का?

समजा नव्या पिढीच्या मोबाईल नेटवर्कसाठी काहीशे मेगाहर्ट्‌झ (पट्ट्याची रुंदी याच एककात मोजतात) द्यायचे आहेत आणि मागणारे जास्त आहेत. रस्ते मुख्यतः तीन : लिलाव, प्रस्ताव मागवून गुणांकन, किंवा कुणा एकाच्या हवाली न करता सामायिक वापर. आणखी दोन रस्ते जगाने वापरून सोडले, ते दोन ओळींत संपवतो. अमेरिकेने १९८०च्या दशकात सेल्युलर परवाने सोडतीने वाटले. टॉवर कशाशी खातात हे ठाऊक नसलेल्यांनीही अर्ज टाकले, आणि केप कॉडचा परवाना लागलेल्या एका गटाने तो लगेच ४.१ कोटी डॉलरला विकला. ‘आधी येईल त्याला आधी’ ही पद्धत भारतात २००८ साली वापरली गेली. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते १२२ परवाने रद्द केले. रांग कुठून आणि कधी सुरू होते, हे रांग लावणाऱ्याच्याच हातात असतं.

लिलाव

लिलावाच्या बाजूचा युक्तिवाद साधा आहे. कोणत्या कंपनीला किती स्पेक्ट्रमची खरी गरज आहे, हे सरकारी टेबलावर बसून कळत नाही. विचारलं तर प्रत्येक जण ‘सगळा हवा’ म्हणतो. स्वतःच्या खिशातून पैसे काढायची वेळ आली की मागणी जमिनीवर येते. अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी हे १९५९ मध्येच मांडलं होतं. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाला पहिला लिलाव करायला १९९४ उजाडलं. त्या लिलावाच्या रचनेत हात असलेले पॉल मिलग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना २०२० साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

नियम मात्र नीट बसवावे लागतात. न्यूझीलंडने १९९० मध्ये जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी रक्कम भरायची, असा नियम ठेवला आणि राखीव, म्हणजे किमान, किंमत ठेवलीच नाही. एका परवान्यासाठी १ लाख डॉलरची बोली लागली. दुसरी बोली ६ डॉलरची होती, म्हणून तिजोरीत ६ डॉलर आले. तत्त्वात चूक नव्हती, पण लोकांना काय दिसलं? लाखाचा माल सहा डॉलरला गेला.

२००० साली युरोपात थ्रीजीचे लिलाव झाले, ते एकमेकांशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ब्रिटनमध्ये जुन्या कंपन्या चार आणि परवाने पाच होते, त्यातला एक नव्या कंपनीसाठीच राखलेला. त्यामुळे नवख्यांनाही आशा वाटली, १३ जण आले आणि सुमारे २,२५० कोटी पौंड जमले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमध्ये चार परवान्यांना चारच बोलीदार उरले आणि परवाने जवळपास राखीव किमतीलाच गेले. तंत्रज्ञान एक, साल एक. फरक पडला तो किती परवाने आणि किती दावेदार यामुळे. जर्मनीने सहा विजेत्यांकडून सुमारे ५,००० कोटी युरो घेतले, पण त्यांपैकी मोबिलकॉमने आपलं थ्रीजी नेटवर्क सुरूच केलं नाही आणि क्वामने गाशा गुंडाळला. पैसे आले, स्पेक्ट्रम मात्र पडून राहिला.

तुकडे कसे पाडले, यावरही किंमत फिरते. इटलीने २०१८ मध्ये ३.७ गिगाहर्ट्‌झच्या (१ गिगाहर्ट्‌झ म्हणजे १,००० मेगाहर्ट्‌झ) आसपासचे २०० मेगाहर्ट्‌झ चार तुकड्यांत विकले : दोन ८०चे, दोन २०चे. फाइव्ह-जीला चांगला वेग हवा तर रुंद सलग तुकडा लागतो, आणि तसे दोनच होते. बोली चढत गेली आणि याच पट्ट्याने सुमारे ४३५ कोटी युरो मिळवून दिले. तिजोरीच्या दृष्टीने हा विजय होता. २० मेगाहर्ट्‌झवर अडकलेल्या कंपन्यांच्या ग्राहकांना तसं वाटलं असेल का, याबद्दल मला शंका आहे. कृत्रिम टंचाईतून आलेली किंमत ही गरजेची खूण मानू नये.

आता माझा प्रश्न : लिलावात दिलेलं परत घेता येतं का? कागदावर येतं. पण किंमत जितकी मोठी, तितकं ते अवघड. अवाढव्य रक्कम भरलेल्या कंपनीचा परवाना काढायला गेलं की सरकारचेच हात थरथरतात, आणि पुढे कोर्टकचेरी असतेच. तरीही दक्षिण कोरियाने करून दाखवलं. २०१८ मध्ये लिलावात दिलेल्या २८ गिगाहर्ट्‌झच्या परवान्यांवर प्रत्येक कंपनीने १५,००० बेस स्टेशन उभारायची अट होती. ती पाळली नाही म्हणून २०२२ आणि २०२३ मध्ये तिन्ही कंपन्यांकडून तो पट्टा काढून घेतला गेला. जमलं कशामुळे? अट मोजता येण्याजोगी होती. ‘ग्रामीण भागात पुरेशी सेवा’ असं लिहिलं असतं, तर वकिलांनी दहा वर्षं काढली असती.

गुणांकन

प्रस्ताव मागवायचे, गुण द्यायचे, चांगल्यांना परवाना द्यायचा. या पद्धतीचं जगभर पडलेलं टोपणनाव ‘सौंदर्यस्पर्धा’ असं आहे, आणि ते कौतुकाने पडलेलं नाही. बाजू घ्यायची तर ती अशी : भरायचे पैसे कमी असल्याने ते टॉवरमध्ये जाऊ शकतात, आणि कव्हरेज हाच निकष ठरवता येतो. जपानने २०१९ मध्ये चार कंपन्यांना फाइव्ह-जीचा स्पेक्ट्रम याच पद्धतीने दिला, नव्याने आलेल्या राकुतेनसह. तिथे गाडी अडली नाही.

अडचण कुठे येते, ते स्वीडनने दाखवलं. २०००च्या स्पर्धेत कंपन्यांनी तीन वर्षांत जवळपास सगळी लोकसंख्या थ्रीजीखाली आणण्याची आश्वासनं दिली, कारण गुण त्यालाच होते. देशातली सर्वांत मोठी कंपनी तेलिया हरली. जिंकलेली ऑरेंज नेटवर्क न उभारता देश सोडून गेली. बाकीच्यांनाही मुदत पाळता आली नाही, आणि हरलेल्या तेलियाने शेवटी जिंकलेल्या टेले-टूच्या नेटवर्कमध्ये भागीदारी करून थ्रीजी दिलं. आश्वासनाला पैसे पडत नाहीत, म्हणून बोली आश्वासनांचीच लागते. वर गुण देणाऱ्यावर पक्षपाताचा संशय येतो तो वेगळाच.

फ्रान्सची गोष्ट मला जास्त उपयोगी वाटते. तिथे २००१ मध्ये गुणांकनासोबत ४९५ कोटी युरोंची ठरीव किंमत लावली होती. चार परवान्यांना दोनच अर्ज आले आणि किंमत सुमारे ६२ कोटींवर आणावी लागली. त्यातून शिकून २०२० मध्ये फाइव्ह-जीसाठी दोन्ही पद्धतींची मोट बांधली. चारही कंपन्यांना प्रत्येकी ५० मेगाहर्ट्‌झ ३५ कोटी युरोंच्या ठरीव किमतीत, ठोस अटी स्वीकारण्याच्या बदल्यात. उरलेल्या ११० मेगाहर्ट्‌झचा लिलाव. कुणी उपाशी राहिलं नाही, आणि जास्त भूक असलेल्याने जास्त पैसे मोजले.

सामायिक वापर

पुढच्या पिढीसाठी हा पर्याय आता बाजूला सारता येणार नाही. २०२७ साली शांघायला होणाऱ्या जागतिक रेडिओ परिषदेत, म्हणजे कोणता पट्टा कशासाठी वापरायचा हे देश मिळून ठरवतात तिथे, मोबाईलसाठी ४.४–४.८, ७.१२५–८.४ आणि १४.८–१५.३५ गिगाहर्ट्‌झ हे पट्टे विचारात आहेत. हे रिकामे भूखंड नाहीत. तिथे लष्करी यंत्रणा, उपग्रह, टॉवर-टॉवरमधले मायक्रोवेव्ह दुवे आधीच नांदतात. सगळ्यांना उठवायचं म्हटलं तर खर्च आणि वर्षं दोन्ही जातात. जागा मोकळी केली तरी शेजारी उरतातच. अमेरिकेने २०२१ मध्ये ३.७–३.९८ गिगाहर्ट्‌झ ८,१०० कोटी डॉलरना विकला, आणि जानेवारी २०२२ मध्ये विमानतळांजवळची सेवा थांबवावी लागली. विमानाची उंची मोजणारी उपकरणं ४.२–४.४ गिगाहर्ट्‌झमध्ये चालतात, आणि त्यांना त्रास होईल अशी भीती होती.

त्याच अमेरिकेने शेजारच्या ३.५५–३.७ गिगाहर्ट्‌झमध्ये तीन थर केले. सर्वांत वर नौदलाचं रडार, मग पैसे भरून घेतलेले परवाने, खाली बाकी सगळे. कोण कुठे बोलेल ते एक स्वयंचलित डेटाबेस सांगतो. रडार सुरू झालं की इतरांनी बाजूला व्हायचं. इथलं ‘परत घेणं’ रोजचं आहे, त्याला कोर्ट लागत नाही. याची किंमतही दिसते : २०२० मध्ये तिथल्या ७० मेगाहर्ट्‌झचे ४५८ कोटी डॉलर आले, म्हणजे मेगाहर्ट्‌झमागे ८,१०० कोटींच्या त्या लिलावाच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. कमी शक्तीची मर्यादा, छोटे परवाने आणि वरच्या थराची टांगती तलवार असताना देशभर नेटवर्क उभारणारा हात आखडताच घेणार.

जर्मनीने ३.७–३.८ गिगाहर्ट्‌झचे १०० मेगाहर्ट्‌झ कारखाने, बंदरं, विद्यापीठं यांच्या स्थानिक नेटवर्कसाठी राखले आणि शुल्काचं सूत्रच जाहीर केलं. एक चौरस किलोमीटर वस्तीच्या भागात पूर्ण पट्टा दहा वर्षांसाठी ३१,००० युरोंना पडतो. या राखीव तुकड्यामुळे उरलेल्यांचा भाव चढला, ही मोबाईल कंपन्यांची तक्रार अगदीच निराधार नाही.

परवानामुक्त वापर हा या कुटुंबातला एकच सदस्य असा, जो परत येत नाही. ६ गिगाहर्ट्‌झचे सगळे १,२०० मेगाहर्ट्‌झ अमेरिकेने २०२० मध्ये वाय-फायला मोकळे केले. चीनने २०२३ मध्ये वरचे ७०० मोबाईलसाठी ठेवले. कोण बरोबर, यावर वाद घालत बसता येईल. पण पहिला निर्णय एकदा लाखो घरांतल्या राउटरमध्ये शिरला की बाहेर काढता येत नाही. दुसरा उद्या बदलता येतो.

मी काय निवडेन

७०० मेगाहर्ट्‌झसारख्या खालच्या पट्ट्यात, जिथे लहर लांब जाते आणि भिंती ओलांडते, पैशापेक्षा कव्हरेज मागेन. गावांची यादी आणि तारीख परवान्यातच लिहून घेईन. ३.५ गिगाहर्ट्‌झच्या आसपास फ्रान्ससारखी मोट : प्रत्येकाला रुंद पायाभूत तुकडा, उरलेल्याचा लिलाव, राखीव किंमत बेताची. २६–२८ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम काहीशे मीटर जाते. तिथे देशभराचा परवाना देण्यात अर्थ नाही, मागेल त्याला त्या जागेपुरता द्यावा. ७ ते ८ गिगाहर्ट्‌झमध्ये मात्र शांघायचा निकाल लागेपर्यंत फक्त चाचण्यांचे एक-दोन वर्षांचे परवाने देईन, आणि त्या काळात आज तिथे कोण किती वेळ बोलतं याची मोजणी करून घेईन.