गाणी ऐकायचं हे ॲप नऊ महिने वापरलं: शिफारशी चांगल्या, पण गाणी गुपचूप गळतात

प्लेलिस्ट बनवणं, गाणी ओढून क्रम बदलणं, ऑफलाइन उतरवणं, क्रॉसफेड (एक गाणं विरता विरता दुसरं सुरू होणं), यातलं काहीच वेगळं नाही. सगळ्या ॲपांत असतं तसंच इथेही आहे, तेव्हा त्यावर वेळ घालवत नाही.

मुद्दा ४१२ चा आहे. मोठ्या प्लेलिस्टच्या डोक्यावर ४१२ गाणी असा आकडा होता, गेल्या महिन्यात तो ३८९ झाला. एकही गाणं हाताने काढलेलं नाही. ना सूचना, ना ईमेल, ना गेलेल्या गाण्यांची यादी. सोप्यातली सोपी किराणा यादीसुद्धा खोडलेली ओळ दाखवते!

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं: कॅशे, म्हणजे ॲपने तात्पुरता साठवलेला डेटा, पुसा, ॲप काढून पुन्हा टाका. अजिबात करू नका. ॲप काढलं की उतरवलेली सगळी गाणी जातात. ३२० केबीपीएस या वरच्या दर्जाला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे चार मिनिटांचं गाणं ९.६ एमबीचं. ३८९ गाणी परत उतरवायची तर साधारण ३.७ जीबी डेटा गेला. आणि एवढं करून आकडा ३८९ च. चॅट तीनदा पहिल्यापासून सुरू करावी लागली, तीनदा तोच सल्ला आला, चौथ्यांदा ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’.

खरं कारण सेटिंगमध्ये निघालं. प्लेबॅकच्या पानावर अगदी तळाशी ‘उपलब्ध नसलेली गाणी दाखवा’ असं एक बटण आहे आणि ते मुळात बंद असतं. चालू केलं की २३ च्या २३ गाणी आपापल्या जागी हजर, फक्त करड्या रंगात, दाबलं तरी न वाजणारी. ॲप पुन्हा टाकलं की हे बटण परत बंद होतं. म्हणजे कस्टमर केअरचा सल्ला पाळला की रोग पुन्हा झाकला जातो.

इथपर्यंत या ॲपला एकच तारा द्यायचा ठरला होता. पण करडी गाणी एकेक करून तपासली तेव्हा दोष थोडा वाटून द्यावा लागला. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी नावाचा १२ जागांचा कोड असतो: पहिली दोन अक्षरं, मग तीन जागा कोड देणाऱ्याच्या, दोन अंक वर्षाचे, शेवटचे पाच अनुक्रमाचे. अल्बमचा वितरक बदलला किंवा कंपनीने तो नव्याने चढवला, की ॲपच्या लेखी जुनी नोंद मरते आणि नवी जन्मते. मुद्रण तेच, कोड बहुतेकदा तोच, पण तुमची प्लेलिस्ट मेलेल्या नोंदीकडे बोट दाखवत बसते.

शोधायचं असं. प्लेलिस्ट बाहेर काढून देणारं एखादं साधन वापरून सीएसव्ही फाइल (एक्सेलमध्ये उघडणारा साधा तक्ता) घ्या. त्यात आयएसआरसीचा रकाना आहे ना ते आधी पाहा, काही साधनं तो गाळतात. मग शोधपट्टीत isrc ही अक्षरं, विसर्गचिन्हासारखे दोन टिंब आणि पुढे जागा न सोडता कोड टाका. २३ पैकी ११ गाणी अशी लगेच सापडली, दुसऱ्या अल्बमखाली सुखाने नांदत होती. या ११ बद्दल मात्र ॲपला माफी नाही. कोड जुळतो हे त्यालाही दिसतं, मग आपोआप जोडून द्यायला काय हरकत होती?

आणखी ६ नव्या कोडने आलेली निघाली. रीमास्टर केलं, म्हणजे जुन्या मुद्रणाचा आवाज नव्याने सुधारला, तर नवा कोड मिळतो, ते नियमाला धरून आहे. काही वितरक तेच मुद्रण असूनही नवा कोड लावतात, ते नाही. अशी गाणी नाव आणि कालावधी मिळवून शोधावी लागतात. दोन सेकंदांपर्यंतचा फरक चालतो. वीस सेकंदांचा फरक असेल तर समजा की ते लाइव्ह आहे, रेडिओसाठी कापलेलं आहे, नाहीतर दुसऱ्याच कुणी गायलेलं कव्हर आहे. एका ॲपमधून दुसऱ्यात प्लेलिस्ट हलवतानाही हाच घोळ होतो: नुसत्या नावावर जुळवणी झाली की मूळ गायकाच्या जागी कॅरिओके येऊन बसतं. हलवल्यावर दोन्हीकडचा एकूण कालावधी ताडून पाहा. गाण्यांची संख्या जुळते, तास-मिनिटं जुळत नाहीत, तिथेच चोर सापडतो.

उरली ६. ती खरोखरच गेली आहेत, परवाना संपला असणार. त्याला ॲप काही करू शकत नाही.

आता नवी गाणी शोधण्याबद्दल, कारण तारे वाढले ते इथे. मोठ्या प्लेलिस्टवरून ॲपचा रेडिओ (मिळतीजुळती गाणी आपोआप लावणारी सोय) लावला तर तीच ती गुळगुळीत गाणी येतात. चारशे गाण्यांची सरासरी काढली की सगळ्यांना आवडणारंच हाती लागणार. त्यापेक्षा १५ ते २० गाण्यांची बियाण्याची प्लेलिस्ट करा, एकाच पोताची: एकच मुख्य वाद्य, जवळपासची लय, एका कलाकाराचं एकच गाणं. तिच्यावरून आलेल्यातलं दर चार-पाच गाण्यांमागे एक तरी ठेवण्याजोगं निघतं. नको असलेलं गाणं पहिल्या ३० सेकंदांच्या आत पुढे ढकला. बऱ्याच सेवा त्यानंतर ते ‘ऐकलं’ म्हणून मोजतात.

प्लेलिस्ट संपल्यावर आपोआप वाजत राहणारं ऑटोप्ले पहिल्या दिवशीच बंद करा. झोपेसाठी लावलेला पावसाचा आवाज रात्रभर चालला की पुढचे दोन आठवडे शिफारशींत पाऊसच पडतो. तसलं काही प्रायव्हेट सेशनमध्येच लावावं, म्हणजे ते शिफारशींत धरलं जात नाही.

ऐकणारे मोजके असलेले कलाकार मात्र या यंत्राला दिसतच नाहीत. ‘हे ऐकणारे तेही ऐकतात’ या हिशेबाला आधी ऐकणारे लागतात. तिथे श्रेयनामावली कामाला येते: गाण्यावर लांब दाबा, श्रेय उघडा, गायकाला सोडून वादक किंवा संयोजकाच्या नावावर जा. नाव दाबता येत नसेल तर म्युझिकब्रेन्झ या संगीताच्या खुल्या माहितीकोशावर शोधा, तिथे कुणी कुठल्या मुद्रणात काय वाजवलं हे सापडतं. ऐकण्याची नोंद लास्ट एफएमवर (काय काय ऐकलं ते टिपून ठेवणारी साइट) जोडून ठेवली तर ॲप बदललं तरी इतिहास सोबत येतो. तिथला नियम असा: गाणं ३० सेकंदांपेक्षा मोठं हवं, आणि ते अर्धं किंवा ४ मिनिटं, जे आधी होईल तेवढं वाजायला हवं.

साप्ताहिक शिफारशींची यादी पुढच्या आठवड्यात पुसली जाते, आवडलेलं त्याच दिवशी उचला. नवे अल्बम १० जुलै २०१५ पासून जगभर शुक्रवारी येतात, तेव्हा करडी गाणी परत आलीत का हे पाहायचा वारही तोच.

एका ताऱ्याचे तीन केले. वर्षाची वर्गणी भरणार नाही, महिन्याचीच. सीएसव्ही दर महिन्याच्या १ तारखेला काढतो, आणि त्यात त्या सहा ओळी पिवळ्या करून ठेवल्या आहेत.