स्लम्प कोन आणि प्लास्टिकचे क्यूब मोल्ड: पावसाळाभर वापरल्यावर

आमच्या साइटवर काँक्रीट आरएमसी (तयार काँक्रीटच्या) प्लँटवरून येतं, त्यामुळे गाडी गेटवर लागली की आधी स्लम्प, म्हणजे कोनात भरलेलं काँक्रीट कोन उचलल्यावर किती खाली बसतं ते मोजायचं. उन्हाळ्यात नवा सेट घेतला: पत्र्याचा कोन (खाली २००, वर १००, उंची ३०० मिमी), १६ मिमीची गोल टोकाची सळई, क्लॅम्पवाली बेस प्लेट आणि १५० मिमीचे प्लास्टिकचे क्यूब मोल्ड (ताकद तपासायला काँक्रीटचे ठोकळे ओतायचे साचे).

पैसे वसूल झाले ते बेस प्लेटचे. आधी कोन प्लायच्या तुकड्यावर ठेवायचो. प्लाय पाणी पितो, डुगडुगतो, आणि कोनावर पाय देऊन उभा असलेला हेल्पर जरा सैल पडला की खालून सिमेंटचं पाणी सुटतं. आता तो प्रश्नच नाही.

भरण्यावरून मात्र अजून वाद होतात. १९५९ च्या आयएस ११९९ मध्ये (ताज्या काँक्रीटच्या चाचण्यांचं भारतीय मानक) चार थर होते. २०१८ च्या दुसऱ्या भागात तीन झाले, प्रत्येक थराला सळईचे २५ ठोसे. जुने लॅबवाले चारवरच अडून बसतात. माझ्या मते खरी गडबड उचलताना होते. कोन सरळ वर, २ ते ५ सेकंदांत उचलायचा. हात कलला की ढीग एका बाजूला घसरतो, आणि काही जण तोही आकडा बिनधास्त रजिस्टरला चढवतात! असं झालं की दुसरा नमुना घ्यावा. कोन आतून ओला हवा, हेही घाईत राहून जातं.

स्लम्प कमी आला की ड्रायव्हरचा हात लगेच पाण्याच्या पाइपकडे जातो. तिथे ठाम राहायचं. अ‍ॅडमिक्स्चर (काँक्रीट सैल करणारं रसायन) घालायचं की नाही ते प्लँटच्या माणसाने ठरवावं. ड्रममध्ये पाणी मारलं की वॉटर-सिमेंट रेशोच (सिमेंटच्या मानाने पाण्याचं प्रमाण) बिघडतो.

प्लास्टिकच्या मोल्डबद्दल मत बदललं. हलके, बोल्टची कटकट नाही, तळाच्या भोकातून हवा मारली की क्यूब सुटतो. पण भोकावर टेप विसरली की गळती, आणि कॉम्प्रेसर बंद असला की हातोडी चालते, कोपरे उडतात. आता काही मोल्डच्या भिंती फुगल्यात, गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावला की फटीतून उजेड दिसतो. असा क्यूब मशीनमध्ये सपाट बसत नाही आणि कमी लोडला फुटतो. एका नमुन्याच्या तीन क्यूबांतला एक ताकदीत सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून जास्त हटला की अख्खा नमुना बाद, मग काँक्रीट चांगलं असूनही खुलासे देत बसा.

कोनाचा सेट डोळे झाकून घ्या. क्यूबसाठी आम्ही पुन्हा बिडाचे मोल्ड मागवलेत, जड असले तरी.