घरची स्टाउट: डब्यावर लिहिलेली आणि बाटलीत उतरलेली

गेल्या हिवाळ्यापासून लंडनमधल्या हॅरोच्या घरी स्टाउट, म्हणजे भाजलेल्या धान्याची काळी बिअर, करतेय. इथल्या होमब्रूच्या दुकानात मिळणारं नवशिक्यांचं साधं किट वापरते. त्यात झाकण आणि एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी झडप) असलेली 25 लिटरची बादली, सायफनची नळी, हायड्रोमीटर (बिअरमध्ये साखर किती उरली ते दाखवणारी काचेची नळी), बाटल्या भरायची कांडी, बुचं दाबून बसवायचा दोन दांड्यांचा हातकॅपर, बुचं आणि हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या मॉल्टच्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूच्या, काळ्या पाकाचा डबा येतो. एका डब्यातून 23 लिटर बिअर होते, म्हणजे चाळीस पाइंट. पबमध्ये पाइंटला सहा-सात पौंड मोजायचे आणि घरची बाटली पौंडाच्या आत, हा हिशेब कुणालाही पटेल.

बिअर चांगली होते. डब्यावरच्या सूचना मात्र डबे खपवायच्या घाईत लिहिलेल्या वाटतात. म्हणे आठवड्याभरात बाटलीत भरा, दोन आठवड्यांनी प्या. मी बादलीतच दोन आठवडे ठेवते. साखर पहिल्या काही दिवसांतच संपत येते, पण यीस्टने मध्येच सोडलेले लोणीसारखे वास त्यालाच पुन्हा गिळू द्यावे लागतात. हायड्रोमीटर सुरुवातीला 1.045 च्या आसपास असतो आणि 1.012 पर्यंत उतरतो, म्हणजे साधारण 4.3 टक्के अल्कोहोल. आकडा तीन दिवस हलला नाही तरच बाटल्या काढायच्या. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले याला काही अर्थ नाही, झाकण सैल असलं तरी ते थांबतात. बाटलीत दोन आठवड्यांनी वायू भरलेला असतो, पण चव करपट आणि तुरट. दोन महिन्यांनी तीच बाटली उघडा, कोको आणि कॉफी दोन्ही सापडतील.

डब्यासोबत किलोभर पांढरी साखर घाला असं लिहिलेलं असतं. नका घालू, बिअर पातळ लागते. त्याऐवजी मॉल्टची कोरडी पावडर घ्या. शिवाय पाव किलो भाजलेला, जाडसर भरडलेला सातू 70 अंशांच्या पाण्यात अर्धा तास भिजवून, गाळून, ते काळं पाणी दहा मिनिटं उकळून बादलीत ओता. डब्याच्या बिअरमध्ये जी भाजकी धार कमी पडते, ती इथून येते.

लंडनच्या जड पाण्याने किटलीत खडूचा थर बसतो, पण काळ्या बिअरला हे पाणी मानवतं: भाजलेल्या धान्याचा आंबटपणा त्यातला चुना सांभाळून घेतो. डब्याच्या पाकाला त्याचा फारसा फरक पडत नाही, कारण धान्य भिजवून-शिजवून झालेलंच असतं. क्लोरिनचा मात्र पडतो. 23 लिटरला क्लोरिन घालवणारी अर्धी कॅम्पडन गोळी चुरून टाकली की बिअरला औषधाचा वास येत नाही.

किटमध्ये दोन गोष्टी असायलाच हव्या होत्या. एक, बादलीभोवती गुंडाळायचा गरम पट्टा. यीस्टला 18 ते 20 अंश लागतात आणि जानेवारीत रात्री हीटिंग बंद झालं की इथलं स्वयंपाकघर पार थंडगार पडतं. दुसरी, आणखी एक बादली. तिच्याशिवाय, बाटलीत वायू भरावा म्हणून प्रत्येक बाटलीत चमच्याने थोडी साखर टाकत बसावं लागतं. एक बाटली मुळमुळीत, दुसरी कारंजं. मी सगळ्या घाण्याला मिळून 100 ग्रॅम साखर वजन करून घेते, कपभर पाण्यात उकळते, दुसऱ्या बादलीच्या तळाशी ओतते आणि वरून बिअर सायफनने अलगद सोडते. खालचा गाळ पहिल्या बादलीतच राहतो.

पूर्ण गुण कुणाला द्यायचे तर त्या भरायच्या कांडीला. टोकाची झडप बाटलीच्या तळाला टेकली की बिअर खालून वर चढते, खळखळ होत नाही, त्यामुळे हवा मिसळत नाही. काठोकाठ भरून कांडी काढली की वर नेमकी हवी तेवढी जागा उरते. हातकॅपर मात्र बेताचाच. आखूड मानेच्या बाटल्यांवर तो नीट बसत नाही, आणि काही महिन्यांत त्याचे जबडे झिजले. आता टेबलावर ठेवायचा कॅपर वापरते.

बाटल्या विकत घेऊ नका. ओळखीच्या भारतीय रेस्टॉरंटवाल्याला मोठ्या तपकिरी बाटल्या ठेवायला सांगा. तोंड 26 मिलिमीटरचं हवं आणि पिळून उघडायची बाटली नको. हिरव्या-पांढऱ्या काचेतून उजेड लागून बिअर वासट होते.

फेसाबद्दल मात्र आशा ठेवू नका. पबमधली गिनेस, म्हणजे आयर्लंडची प्रसिद्ध स्टाउट, ज्या वायूच्या जोरावर नळातून येते, त्यात जवळपास तीन भाग नायट्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड असतो. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, म्हणून इवलेसे बुडबुडे आणि ती साय. डब्यातल्या गिनेसमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून खास त्यासाठी छोटं प्लास्टिकचं यंत्र असतं. घरच्या बाटलीत नुसता कार्बन डायऑक्साइड, त्यामुळे फेस तपकिरी, भरड आणि लवकर बसणारा. मला चालतो. नवऱ्याला नाही चालत, तो पबमध्ये जातो.

पुण्याहून भावाने विचारलं, एक किट बॅगेत टाकून आणशील का? नाही आणणार. ब्रिटनमध्ये 1963 च्या बजेटात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंगने घरगुती बिअरसाठी परवान्याची अट काढून टाकली. स्वतःसाठी कितीही करा, विकायची नाही. महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा.

इथे घेणार असाल तर किट घ्या, पट्टा लगेच घ्या आणि दुसरी बादली तळाशी नळ असलेली घ्या. तो नळ सुटा करून धुता येतो का, ते दुकानातच पाहा.