परसातली ग्रामप्रिया: पाऊस, थंडी, उन्हाळा पाहिल्यानंतर

ग्रामप्रिया अंड्यांसाठी उत्तमच आहे. पण गावठी कोंबडीसारखी नुसती मोकळी सोडून दिलीत, तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसात पाळण्यासाठीच ही संकरित जात काढली. व्यवस्था नीट असेल तर वर्षाला २०० ते २२५ अंडी सांगतात. गावठी ६०-७०च्या आसपास थांबते. एवढी तपकिरी, टपोरी अंडी घालायची तर कणी आणि घरातलं उरलंसुरलं तिला पुरत नाही.

आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठी. तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, साडेपाच-सहा महिन्यांच्या झाल्या आणि भर पावसात अंड्याला लागल्या. लवकरच कवच पातळ यायला लागलं, मधूनच एखादं कातडी, म्हणजे कवचच नसलेलं, अंडंही. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातले बरेचसे रात्रीचे, म्हणजे कोंबडी दांडीवर झोपलेली असते तेव्हाचे. म्हणून बारीक पिठापेक्षा जाडसर चुरा बरा: तो पोटात टिकतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो. आमच्याकडे तिसऱ्या (खाडीतले खायचे शिंपले) वरचेवर होतात. त्यांच्या शिंपल्या धुऊन, कडकडीत वाळवून जाडसर कुटायच्या आणि वेगळ्या भांड्यात ठेवायच्या. खाद्यात मिसळू नका, ज्या कोंबडीला हवं ती आपणहून खाते. संध्याकाळी त्या भांड्याभोवती गर्दी होते ती बघण्यासारखी असते! जोडीला अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य सुरू केलं आणि कवच पुन्हा टणक झालं. हे खाद्य पिल्लांना मात्र देऊ नये, त्यातलं जास्तीचं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडाला बाधतं.

पावसात खरी भीती खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसाची. रक्ती हगवण तिथूनच येते. तूस रोज उलटायचं, भिजलेलं लगेच काढायचं. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यात लासोटा आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी, यात चालढकल नको. मानमोडी शिरली की खुराडंच्या खुराडं रिकामं होतं.

डिसेंबरात अंडी कमी झाली, तेव्हा घरात सगळ्यांना रोगाचीच शंका. पण तुरे लाल होते, कोंबड्या खातपीत होत्या, विष्ठा घट्ट होती. कारण होतं उजेडाचं: आपल्याकडे तेव्हा दिवस जेमतेम ११ तासांचा आणि अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. आम्ही पहाटे बल्ब लावला. संध्याकाळी लावून मग एकदम बंद केला, तर कोंबड्या अंधारात खालीच राहतात, दांडीवर चढत नाहीत. पहाटे ती अडचण नाही.

उन्हाळा सगळ्यात कठीण गेला. एप्रिल-मेमध्ये कोंबडी चोच उघडून धापा टाकते, खाणं कमी होतं. धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं, म्हणून शिंपल्या खाऊनही कवच पातळच येतं. पत्र्यावर झावळ्या, मातीच्या भांड्यात गार पाणी, खाद्य फक्त पहाटे आणि सूर्य कलल्यावर. एवढ्यावर निभावलं, अंडी पूर्ववत झाली ती पाऊस पडल्यावरच.

ही जात सहसा खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, बसत नाही. अंड्यांसाठी ते चांगलं, पण पिल्लं काढायची तर गावठी कोंबडी हवीच. आणि संकरित असल्यामुळे तिची पिल्लं आईइतकी अंडी देतील असं नाही. नवी पिल्लं विकतच आणावी लागतात, हा खर्च आधीच धरून चाला.

सध्या दोघी पिसं गाळतायत. मानेपासून सुरुवात झाली आहे आणि अंडी पूर्ण बंद. हा आजार नाही, नव्या पिसांना प्रथिनं लागतात. रोज मूठभर बिनमिठाचा वाळका जवळा घालतेय, तो त्यांना फारच आवडतो. या दिवसांत त्यांच्याकडून अंड्याची घाई करू नये.