फूटीचं स्ट्रीमिंग ॲप: क्लिपांसाठी घेऊ नका, पूर्ण मॅचसाठी घ्या

ॲपचं नाव टाकत नाहीये कारण मला त्याला शिव्याही द्यायच्यात आणि कौतुकही करायचंय, नाव आलं की माणसं नावावरच भांडत बसतात. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिकडे नुसतं फूटी म्हणतात, ते आपल्याकडे बसून बघायचं सबस्क्रिप्शन आहे. माझा चुलतभाऊ मेलबर्नला असतो, त्याने नाद लावला.

आधी टायमिंग, कारण खान्देशवाल्याला तेच सगळ्यात जास्त पटेल. मेलबर्नची रात्रीची मॅच आपल्याकडे दुपारी तीन-सव्वातीनला लागते. मे महिन्यात भुसावळला दुपारी तीनला माणूस दुसरं करणार तरी काय, कूलर लावायचा, पडदे ओढायचे आणि मॅच लावायची. लाईट गेली तर मोबाईलवर. आमच्या नेटवर चित्र कधीकधी अडकतं पण तो ॲपचा दोष नाही म्हणून त्याचे मार्क कापत नाही.

खेळ ज्याने बघितलाच नाही त्याच्यासाठी थोडक्यात: एका बाजूला 18 जण, अंडाकृती मैदान म्हणजे क्रिकेटचंच ग्राऊंड, फायनल ज्या एमसीजीवर होते ते क्रिकेटमुळे आपल्याला माहितीच आहे. दोन्ही टोकांना चार-चार खांब, मधल्या दोघांतून किक गेली की गोल, म्हणजे 6 पॉइंट, बाजूच्या फटीतून गेली की 1. बॉल फेकायचा नाही, मुठीने ठोसून साथीदाराला द्यायचा त्याला हँडबॉल म्हणतात, आणि किकवरून आलेला बॉल हवेत झेलला की मार्क. एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकवून मार्क घेतात, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला फाऊलच वाटला होता.

आता मुद्द्यावर येतो. ॲप उघडलं की पहिल्या पानावर काय येतं तर प्लेयर क्लिपा. अमक्याचे पाच गोल, तमक्याचा मार्क, दोन मिनिटात संपलं. प्रत्येक खेळाडूचं पान, त्यावर पॉइंट, नंबर, कोण टॉपला. धुळ्याचे दाजी आले होते, त्यांनी अर्धा तास हेच बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "ज्याना गोल जास्त तोच मोठा, यामा काय इचारस भो!" आणि ॲप सुद्धा नेमकं हेच शिकवतंय ना, दाजींना तरी काय बोलणार.

म्हणून त्यांना जुन्या मॅचमधली 1989 ची फायनल पूर्ण लावून दिली, हॉथॉर्न विरुद्ध जिलाँग. क्लिपांमध्ये ही मॅच म्हणजे गॅरी ॲब्लेट सिनियर, बास. त्या दिवशी त्याने 9 गोल मारले, फायनलमधल्या 1928 च्या गॉर्डन कॉव्हेंट्रीच्या रेकॉर्डची बरोबरी, आणि फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ मेडल पण त्यालाच. फक्त क्लिपा बघितल्या तर वाटेल जिलाँग आरामात जिंकलं असेल. जिलाँग 6 पॉइंटने हरलं! 144-138. पूर्ण मॅच बघितली की कळतं हॉथॉर्नने काय केलं, पहिल्याच बाऊन्सला, म्हणजे मॅच सुरू होताच, त्यांच्या डर्मट ब्रेरेटनला जिलाँगच्या माणसाने असा धडकवला की बरगड्या मोडल्या, तो पठ्ठ्या उलट्या करत उभा राहिला, मैदानाबाहेर गेला नाही आणि थोड्या वेळात पुढे जाऊन गोल मारला. दुसरा एक जण डिपिएरडोमेनिको, त्याचं फुप्फुस फाटलेलं होतं मॅचमध्ये. शेवटच्या क्वार्टरमध्ये जिलाँग अंगावर आलं तेव्हा अशी अर्धी मोडलेली टीम कशीबशी टिकून राहिली. दोन मिनिटाच्या क्लिपेत हे बसतच नाही.

आणि त्या हॉथॉर्नचा कॅप्टन कोण, तर मायकेल टक. हा माणूस मला क्लिपांमध्ये सापडलाच नाही जवळजवळ. 426 मॅच, 7 प्रीमियरशिप म्हणजे लीगचे कप, इतक्या प्रीमियरशिप दुसऱ्या कोणाकडे नाहीत. पण सगळ्यात मोठं वैयक्तिक बक्षीस म्हणजे ब्राऊनलो मेडल, ते एकदाही नाही, एवढंच काय स्वतःच्या क्लबचं वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीस सुद्धा कधी नाही मिळालं. गंमत बघा, पुढे सीझनच्या आधीच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये सर्वोत्तम खेळाडूला जे मेडल द्यायला लागले त्याला नाव दिलं मायकेल टक मेडल.

आपल्याकडे कबड्डी बघणाऱ्याला हे लगेच कळेल, चढाई करून आलेल्याचा फोटो पेपरात येतो आणि ज्या कोपऱ्याने समोरच्याचा घोटा धरून ठेवला त्याचं नाव गावातच राहतं.

पण म्हणून आता उलटं टोक पकडायचं का, की कप मोजा आणि मोठेपणा ठरवा? चुलतभाऊ हेच करतो, फोनवर सुरूच असतं त्याचं, फ्लॅग, म्हणजे प्रीमियरशिप, किती जिंकले ते सांग आधी. त्याला मी बॉब स्किल्टनचं नाव सांगतो. 1959, 1963, 1968 असे तीन ब्राऊनलो, 237 मॅच, आणि साऊथ मेलबर्नसारख्या खालच्या टीममध्ये असल्यामुळे आख्ख्या करिअरमध्ये फायनल्सची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीची, एकच मॅच खेळायला मिळाली, 1970 ला. मग काय तो लहान झाला? टोनी लॉकेट बघा, 1360 गोल, त्याच्यापुढे आजपर्यंत कोणी गेलं नाही, प्रीमियरशिप शून्य. जेसन डन्स्टलचे 1254 आणि प्रीमियरशिप चार, पण डन्स्टलच्या मागे हॉथॉर्नचं मिडफिल्ड होतं आणि लॉकेट बरीच वर्षं सेंट किल्डाला होता, बॉल येईल तेव्हा येईल. कप हा क्लबचा असतो, तो एका माणसाच्या वजनकाट्यावर ठेवला की काटा खोटं बोलतो. ॲब्लेटच्या 9 गोलवर पण हरला म्हणून काट मारता येत नाही, बाकीच्यांनी समोरच्यांना 144 करू दिले त्याला तो काय करणार.

माझं मत आता असं झालंय की बॉल हातात नसताना माणूस काय करतो ते बघायचं. किक मारणाऱ्याच्या पायावर उडी घेऊन बॉल दाबणं म्हणजे स्मदर, आपल्या माणसाला वाट मिळावी म्हणून समोरच्याला अंगाने अडवणं म्हणजे शेफर्ड, आणि मार्क होऊ नये म्हणून मुठीने बॉल उडवणं म्हणजे स्पॉईल. ह्या सगळ्याला तिकडे वन पर्सेंटर म्हणतात, त्याचा आकडा पण मोजतात, ॲपमध्ये तो आहे, पण कुठे तर प्लेयरच्या पानावर सगळ्यात खाली, तीन वेळा स्क्रोल केल्यावर. गोल वरती मोठ्या अक्षरात. ज्याने हे पान बनवलं त्याने दाजींसारखाच विचार केला असणार.

आकड्यांवरून आठवलं. जुन्या मॅचमध्ये 1970 ची फायनल जरूर बघा, कार्लटन-कॉलिंगवूड, 1,21,696 प्रेक्षक. क्लिपेत फक्त जेसालेंकोचा मार्क दिसेल, समोरच्याच्या खांद्यावर चढून घेतलेला, आणि आहेच तो भारी. पण मॅच फिरली ती हाफ टाईमनंतर. कार्लटन 44 पॉइंटने मागे, कोच रॉन बरासीने सांगितलं की हँडबॉल करा, देत राहा, पळत राहा, आणि बाकावरचा टेड हॉपकिन्स नावाचा पोरगा आत सोडला, त्याने चार गोल ठोकले. कार्लटन 10 पॉइंटने जिंकलं. आता ते चार गोल त्याचे का हँडबॉल करणाऱ्या सगळ्यांचे? आणि हाच हॉपकिन्स पुढे फूटीचे आकडे मोजणारी चॅम्पियन डेटा कंपनी उभी करणाऱ्यांमध्ये होता, म्हणजे ज्याच्या दुपारचा हिशोब लावणं अवघड तोच हिशोबवाला झाला.

कोणाला सगळ्यात मोठा म्हणतो विचाराल तर ली मॅथ्यूज. 332 मॅच, 915 गोल, चार प्रीमियरशिप, आणि टॅकल असे की समोरचा दहा सेकंद उठायचा नाही (कधीकधी मर्यादा सोडून मारायचा सुद्धा, 1985 ला तशा एका ठोशावरून मोठं प्रकरण झालं). ब्राऊनलो त्याला पण नाही मिळालं, ते अंपायरांच्या मतांवर असतं. पण खेळाडू स्वतः मत देऊन ज्याला वर्षाचा सर्वात मोलाचा खेळाडू ठरवतात त्या बक्षिसाला नाव मॅथ्यूजचं आहे. अंगावर खेळलेल्यांचं मत मला जास्त भरवशाचं वाटतं.

ॲपकडे परत. पूर्ण मॅचमध्येसुद्धा एक अडचण आहेच, कॅमेरा बॉलच्याच मागे पळतो. बॉल जिथे नाही तिथे कोण कोणासाठी जागा करतोय, कोण साठ मीटर उगाच पळून समोरच्याला ओढून नेतोय, ते फ्रेमच्या बाहेर राहतं. गोलच्या मागचा उंचावरचा कॅमेरा दिला पाहिजे, पर्याय म्हणून तरी. कोच लोक तोच अँगल बघतात, आम्ही पण पैसे भरतोय की.

किंमत आपल्या मानाने जास्त आहे, वर्षाचं एकट्याने घेऊ नका, सीझन मार्च ते सप्टेंबर, तिघं-चौघं मित्र मिळून घ्या आणि एकाच घरी मोठ्या टीव्हीवर बघा. फायनल सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दुपारची ठेवली तर आपल्याकडे सकाळी दहाला सुरू, म्हणजे संपेपर्यंत शेवभाजी आणि कळण्याची भाकरी तयार. ज्यांना फक्त उंच उड्या बघायच्यात त्यांना तर पैसे घालवायची गरजच नाही, तेवढं फुकट मिळतं.

माझे साडेतीन स्टार. एक जुन्या मॅचच्या साठ्याचा, एक पूर्ण रिप्लेचा, एक कॉमेंट्रीचा, अर्धा दुपारच्या टायमिंगचा. उरलेला दीड मागे ठेवलाय, प्लेयरच्या पानावर गोलच्या शेजारी स्मदर आणि शेफर्डच्या क्लिपा टाका, देऊन टाकतो.