फोन खिडकीत, लॅपटॉप टेबलावर: मोबाईल हॉटस्पॉटवर काही महिने

मी कोल्हापुरात फिरतीवर हिशेबाची कामं करते. सकाळी शिरोली एमआयडीसीत एखादी फौंड्री, दुपारी उद्यमनगरात मशीन शॉप, संध्याकाळी महाद्वार रोडवरचं दुकान. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर लॅपटॉपमध्येच असतं, पण जीएसटी पोर्टल, ई-वे बिल (माल गाडीने पाठवताना ऑनलाइन काढायचा कागद) आणि बँक या सगळ्याला नेट लागतं. प्रत्येक ठिकाणी वाय-फायचा पासवर्ड मागायचा, आणि ज्याला तो माहीत तो नेमका जेवायला गेलेला. शिवाय एका गिऱ्हाइकाच्या नेटवर बसून दुसऱ्याचं लॉगिन करणं मला पटत नाही. म्हणून उन्हाळा संपता संपता ठरवलं, लॅपटॉप फक्त आपल्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवर, म्हणजे फोनचंच नेट वाय-फायने घेऊन, चालवायचा. पावसाळा, नवरात्र, दिवाळी सगळं त्यावरच निघालं.

बिनवायरीचा खरा उपयोग कळला तो फौंड्रीत. वर पत्रा, चहूबाजूंनी लोखंड, आणि ऑफिस म्हणजे शेडच्या पोटात काढलेली एक खोली. टेबलावर फोन ठेवला तर रेंजची एखादी दांडी, तीही येऊन-जाऊन. तोच फोन रस्त्याकडच्या खिडकीत नेऊन ठेवला की टॉवर भरतो. लॅपटॉप आत टेबलावर, मधलं अंतर वाय-फाय सांभाळतं. केबलने नेट घेतलं असतं तर फोन लॅपटॉपपासून हातभर अंतरावर, म्हणजे जिथे रेंज नाही तिथेच, अडकून बसला असता. कागल ओलांडलं की कर्नाटक, आणि राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांच्या वर असला की ई-वे बिलाशिवाय गाडी हलत नाही. ‘मॅडम, गाडी भरून हुबी हाय, बिल कवा निघतंय?’ असं ड्रायव्हर दारात येऊन विचारत असताना खिडकीची ही जागा माहीत असणं फार मोलाचं ठरतं. आता कुठल्याही नवीन ठिकाणी गेले की आधी फोन हातात धरून खोलीभर एक फेरी मारते. लोक बघत राहतात, बघू देत.

हॉटस्पॉटमध्ये नेट दोन उड्यांत येतं: टॉवरपासून फोनपर्यंत एक, फोनपासून लॅपटॉपपर्यंत दुसरी. लॅपटॉपच्या कोपऱ्यातलं वाय-फायचं चिन्ह फक्त दुसऱ्या उडीची खबर देतं. ते पूर्ण भरलेलं दिसतं आणि पान मात्र उघडत नाही, तेव्हा लॅपटॉपला शिव्या देण्यात अर्थ नाही. फोनकडे बघायचं. तिथेही एक फसवणूक आहेच. नवरात्रात महाद्वार रोडला फोनवर रेंज पूर्ण असते, ५जी लिहून येतं, आणि तरी साधी पीडीएफ उतरत नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेले हजारो फोन त्याच टॉवरवर असतात. दांड्या सिग्नलचा जोर सांगतात, तिथे गर्दी किती आहे ते सांगत नाहीत. त्या दिवसांत त्या भागातली कामं मी सकाळी लवकर उरकली, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

दुसऱ्या उडीसाठी फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, निवडता येतो, २.४ की ५ गिगाहर्ट्झ. ५ वर वेग जास्त मिळतो, पण भिंत मध्ये आली की तो लवकर मार खातो. २.४ भिंतीतून बरा जातो, मात्र त्याच पट्ट्यात ब्लूटूथही चालतं, त्यामुळे माझा ब्लूटूथ माऊस अधूनमधून अडखळतो. फोन त्याच खोलीत असेल तर मी ५ ठेवते, भिंतीपलीकडच्या खिडकीत असेल तर २.४. जुन्या लॅपटॉपला हॉटस्पॉटचं नावच दिसत नसेल तर आधी हेच तपासा. पुष्कळ जुन्या लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड फक्त २.४ ओळखतं. आयफोनवाल्यांसाठी, १२ आणि पुढच्या मॉडेलमध्ये ‘मॅक्सिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ नावाचं बटण आहे, तेच २.४ वर आणतं.

आता डेटा. माझा पॅक रोज २ जीबीचा. माझ्या कामाला तेवढा भरपूर होतो, कारण पोर्टलची पानं हलकी असतात. डेटा खाते ती व्हिडिओ मीटिंग: ग्रुपमध्ये कॅमेरा चालू ठेवला की तासाला एक जीबीच्या आसपास सहज जातो. पण सगळ्यात मोठा चोर विंडोज स्वतः आहे. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट दुसऱ्या मंगळवारी सुटतात, म्हणजे ८ ते १४ तारखेच्या मध्ये कधीतरी. दरमहा भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी रिटर्नची, शेवटची तारीख ११. योगायोग बघा! ऐन कामाच्या दिवशी पाठीमागे अपडेट उतरत बसतो, कोटा संपतो आणि वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगात पोर्टलचं लॉगिन करायचं म्हणजे दिवस मावळायचा. रात्री १२ वाजता नवा कोटा मिळेपर्यंत एक तर ज्यादा डेटाचं रिचार्ज मारा, नाहीतर हात जोडून बसा.

यावर उपाय आहे आणि फुकट आहे. लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडलेला असताना वाय-फायच्या सेटिंगमध्ये त्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज उघडा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे मोजूनमापून वापरायचं नेट) चालू करा. मग बहुतेक अपडेट थांबून राहतात, फाईली ऑनलाइन चढवणारं वनड्राइव्हही सिंक थांबवतं. ही खूण हॉटस्पॉटच्या नावाला चिकटलेली असते. फोन बदलला किंवा हॉटस्पॉटचं नाव बदललं की विंडोजला ते नवीन नेटवर्क वाटतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. थांबवलेले अपडेट घरच्या ब्रॉडबँडवर मात्र नक्की करून घ्या, कायमचे टाळू नका. आणखी एक: ५जी अमर्याद म्हणून घेतलेल्या पॅकमध्येही फोन शेडमध्ये शिरून ४जीवर उतरला की रोजचाच कोटा खर्च होतो.

बॅटरीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फोन तापतो आणि दुपारपर्यंत निम्म्यावर येतो. रेंज कमी असेल तिथे जास्त, कारण टॉवर गाठायला फोनला जोर लावावा लागतो. खिडकीत ठेवताना ऊन टाळा. आणि फोन लॅपटॉपलाच केबलने चार्जिंगला लावणार असाल, तर मग यूएसबी टेदरिंगच का करत नाही? नेटही त्याच वायरीतून येईल आणि फोनही कमी तापेल. घरी मी तसंच करते.

ब्लूटूथनेही नेट देता येतं. बॅटरी कमी खातं, पण वेग कागदावरच ३ एमबीपीएस, हातात त्याहून कमी. एसटीतून येताना मेल बघायला, एखादं चलन भरायला पुरतं. ५ एमबीची फाईल चढवायची असेल तर त्याच्या नादी लागू नका.

खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत, एकावर डेटा, दुसऱ्यावर गिऱ्हाइकांचे फोन. दुसऱ्या सिमवर बोलणं सुरू झालं की पहिल्या सिमचा डेटा बंद पडतो, आणि लॅपटॉपचं नेट जातं. ‘ते रिटर्न भरलं का हो?’ हे विचारायला आलेल्या फोननेच रिटर्न अडकतं. बहुतेक दोन सिमचे फोन असेच वागतात. अँड्रॉइडच्या काही मॉडेलमध्ये कॉल चालू असताना डेटा दुसऱ्या सिमवर वळवायची सोय सिमच्या सेटिंगमध्ये असते. ती चालू केली की नेट टिकतं, पण त्या सिमवरही डेटा पॅक हवा. ज्या सिमवर डेटा आहे त्यावरच कॉल आला आणि व्होल्टीई (४जीवरूनच कॉल) चालू असेल, तर काहीच तुटत नाही.

महिन्यातून चार-दोन वेळा बाहेर बसायचं असेल तर वेगळं डोंगल (सिम घालून नेट देणारं छोटं उपकरण) घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही, फोन पुरतो. रोजचीच फिरती असेल तर मात्र हॉटस्पॉटला वेगळं उपकरण हवं. मी माझा कपाटात पडलेला जुना ४जी फोन काढलाय. डेटाचं सिम त्यात जाणार, तो खिडकीत बसणार, आणि गिऱ्हाइकांशी बोलायचा फोन माझ्या हातात राहणार. जुन्या फोनची बॅटरी आधी दुकानात दाखवून घेते, कारण पाठ थोडी फुगल्यासारखी वाटतेय.